चित्रांचा हंगाम

दसरा-दिवाळीचे सण आटोपतात, शेतातील धान्य खळ्यावर येते आणि महाराष्ट्राच्या गावोगावी जत्रांचे दिवस सुरू होतात. देवळापुढच्या मोकळ्या जागेत पाले उभी राहतात, दूरदूरचे लोक एकत्र येतात आणि चार दिवस सारा गाव गजबजून जातो. मुंबई शहराला शेत नाही आणि खळेही नाही. तरीसुद्धा साधारणपणे याच दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत, तेथे एक निराळी जत्रा भरते. ही जत्रा चित्रांची आणि शिल्पांची असते. एकांतात केलेले काम घेऊन कलावंत शहरात येतात आणि ते पाहण्यासाठी रसिक एका दालनातून दुसऱ्या दालनात हिंडतात. या दिवसांना प्रदर्शनांचा हंगाम म्हणतात.

हंगाम हा शब्द येथे यथार्थ आहे. पावसाळ्यात मुंबईची हवा अतिशय दमट असते. ओलाव्याने कागद फुगतो आणि त्यावर बुरशी धरते. चित्रे दूरगावाहून आणावयाची तर वाटेत ती भिजण्याचे भय असते. पाणी तुंबलेल्या रस्त्यांतून प्रेक्षकही येईनासा होतो. प्रदर्शने पावसाळ्यातही होतात. कलाशाळांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांसाठी तर जहांगीर कलादालन याच ऋतूत एक खास प्रदर्शन भरवते. परंतु पाऊस सरला, हवा कोरडी व सुखद झाली, की मग शहरातील एकही दालन रिकामे राहत नाही.

या जत्रेचे मुख्य स्थान म्हणजे दक्षिण मुंबईतील काळा घोडा हा परिसर. त्याच्या नावाची कथा मोठी मनोरंजक आहे. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला होता. पुढे तोच सातवा एडवर्ड या नावाने राजा झाला. त्याच्या भेटीचे स्मारक म्हणून घोड्यावर बसलेल्या युवराजाचा एक काळसर पुतळा येथे उभारण्यात आला. लोकांनी राजाचे नाव बाजूला ठेवले आणि घोड्याचे नाव उचलले. १९६५ साली हा पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. तरी जागेचे नाव काळा घोडाच राहिले. अखेर २०१७ साली तेथे एक नवा काळा घोडा बसवण्यात आला. या घोड्याच्या पाठीवर मात्र कोणीही स्वार नाही.

या घोड्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर तीन मोठ्या कलावास्तू आहेत. पहिली म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याच्या इमारतीची कोनशिला १९०५ साली बसवली गेली आणि १९२२ साली ते लोकांसाठी खुले झाले. दुसरी वास्तू म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. एका जुन्या सार्वजनिक सभागृहाचे रूप पालटून १९९६ साली ते सुरू झाले. या दोहोंच्या मानाने लहान, परंतु चित्रकारांच्या मनात सर्वांत मोठे असे तिसरे स्थान म्हणजे जहांगीर कलादालन होय.

या कलादालनाच्या उभारणीमागे चित्रकारांची फार दिवसांची एक उणीव होती. मुंबईत चित्रकार घडत होते, सर जे. जे. कलाशाळा १८५७ सालापासून विद्यार्थ्यांना शिकवत होती. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी ही संस्था स्थापन झाली आणि ती चित्रांची प्रदर्शने भरवू लागली. मूळचे कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांना या संस्थेचे सुवर्णपदक १८९५ साली मिळाले, तेव्हा ते अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. पुढे १९३७ साली अमृता शेरगिल यांच्या तीन मुलींच्या चित्राला संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. अशी गुणी माणसे होती, त्यांची कदर करणारी संस्थाही होती. परंतु चित्रकारांना आपले काम लोकांपुढे मांडण्यासाठी वर्षभर उपलब्ध असलेले हक्काचे दालन शहरात नव्हते. नाटकाला जसे नाट्यगृह, तसे चित्राला घर हवे होते.

चित्रकार कृष्ण हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी ही गरज सर कावसजी जहांगीर यांच्या मनावर ठसवली. अणुविज्ञानात रमलेल्या भाभांना चित्रकलेचीही गोडी होती; ते स्वतः चित्रे काढीत असत. सर कावसजींचा पुत्र जहांगीर हा अकाली निधन पावला होता. त्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ सर कावसजींनी या दालनासाठी देणगी दिली. वस्तुसंग्रहालयाच्या आवारात इमारत उभी राहिली आणि जानेवारी १९५२ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. एका पित्याच्या दुःखातून शेकडो चित्रकारांना आधार मिळाला.

या दालनात प्रवेश करण्यासाठी तिकीट लागत नाही. दार सर्वांना उघडे असते. असे असूनही समोरच्या पदपथावरून रोज हजारो माणसे जातात आणि त्यांतील पुष्कळशी आत डोकावतही नाहीत. त्यांना वेळ नसतो असे नाही. “हे आपल्यासाठी नव्हे, चित्रांतले आपल्याला काय कळते?” असा संकोच त्यांच्या पायांना धरून ठेवतो. हा संकोच किती निराधार आहे, हे एका चित्रकाराच्या चरित्रावरून कळून येते.

कृष्णाजी आरा यांचा जन्म १९१४ साली हैदराबादजवळ बोलारम येथे झाला. लहान वयातच घर सोडून ते मुंबईस आले. या अफाट शहरात त्यांना ना नातलग होते, ना पैसा. त्यांनी लोकांच्या घरी गड्याचे काम केले. मोटारी धुतल्या व पुसल्या. मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगवासही भोगला. दिवसभराचे कष्ट संपले, की ते कागद आणि रंग घेऊन बसत. मोटारी पुसणाऱ्या या तरुणाची चित्रे वृत्तपत्रातून कलेविषयी लिहिणारे समीक्षक रूडी फॉन लायडन यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी आरांना धीर दिला, साहाय्य केले. १९४२ साली मुंबईत आरांच्या चित्रांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले.

पाच वर्षांनी, १९४७ साली, आरा आणि त्यांचे पाच मित्र यांनी मिळून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा कलावंतांचा गट स्थापन केला. सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे हे ते पाच जण होत. पंढरपुरात जन्मलेले हुसेन यांनी त्यापूर्वी पोटासाठी सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवले होते. हे सहाही जण पुढे भारताच्या आधुनिक कलेत मान्यता पावले. आरांच्या फुलदाण्या, फुले आणि घरातील साधी भांडी यांच्या चित्रांपुढे आजही रसिक थबकतात. स्वतः नाव मिळवल्यावर त्यांनी नवोदित चित्रकारांना आधार देण्याचे काम केले. १९८५ साली त्यांचे निधन झाले. मोटार पुसणारा हात उत्तम चित्र काढू शकतो. मग ते चित्र पाहण्याचा अधिकार कोणाला नाही, असे कसे म्हणता येईल?

जहांगीर कलादालनातील प्रदर्शन साधारणतः एक आठवडा चालते. या एका आठवड्यासाठी चित्रकाराला काही वर्षे आधी अर्ज करून वाट पाहावी लागते. कोकणातील अथवा विदर्भातील एखाद्या शाळेत चित्रकला शिकवणारा शिक्षक घ्या. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवसांत तो चित्रे काढतो. दालनाची तारीख मिळाली, की चित्रांना चौकटी करून घ्यावयाच्या, त्या कापडात व पुठ्ठ्यात गुंडाळावयाच्या, टेंपोत उभ्या करून मुंबईस न्यावयाच्या, निमंत्रणे छापावयाची, ही सारी कामे त्याच्यापुढे उभी राहतात. दालनाचे भाडे भरावे लागते ते निराळेच. या खर्चासाठी त्याने वर्षानुवर्षे पैसे साठवलेले असतात.

प्रदर्शन सुरू होण्यापूर्वी चित्रे भिंतीवर लावली जातात. हे काम वाटते तितके सोपे नाही. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावा लागतो. भडक रंगाचे चित्र सौम्य चित्राच्या अगदी शेजारी लावले, तर सौम्य चित्र फिके पडते. वरून सोडलेला प्रकाश काचेवर चमकता कामा नये. जलरंगातील चित्र कागदावर असल्यामुळे त्याला काचेचे संरक्षण द्यावे लागते. तैलचित्रे बहुधा काचेविना लावतात. दोन चित्रांमध्ये पुरेशी मोकळी भिंत ठेवावी लागते, कारण गाणाऱ्याला जसा मध्येच श्वास हवा, तसा पाहणाऱ्यालाही विसावा हवा असतो.

पहिल्या दिवशी समई लावली जाते, स्नेहीसोबती येतात, अभिनंदन होते. दुसऱ्या दिवसापासून चित्रकाराची खरी परीक्षा सुरू होते. दुपारच्या वेळी दालनात शांतता असते. चित्रकार कोपऱ्यातील खुर्चीवर बसलेला असतो. एखादा प्रेक्षक येतो, भराभर एक फेरी मारतो आणि निघून जातो. दुसरा चित्राकडे पाठ करून स्वतःचेच छायाचित्र काढतो. चित्रकार काही बोलत नाही. परंतु त्याची नजर प्रत्येकाच्या पावलांवर असते. एखादे चित्र विकले गेले, तर त्याच्या नावाच्या चिठ्ठीवर लाल टिकली लावण्यात येते. ती टिकली पाहून त्याला आनंद होतो, यात शंका नाही. तथापि एखादी शाळकरी मुलगी एकाच चित्रापुढे दहा मिनिटे खिळून उभी राहिली, तर त्याला होणारा आनंदही काही कमी नसतो. चित्रकाराने एकांतात जे पाहिले, ते दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांपर्यंत पोहोचले, याचे ते प्रमाण असते.

तेव्हा प्रदर्शनाचे यश जेवढे चित्रकाराच्या हाती, तेवढेच प्रेक्षकाच्याही हाती असते. चित्र पाहणे ही एक कला आहे आणि ती कोणालाही साधण्याजोगी आहे. दालनात शिरल्यावर प्रथम सर्व चित्रांवरून एकदा सावकाश नजर फिरवावी. त्यांतील एखादे चित्र आपल्याला हाक मारते. त्याच्यापुढे थांबावे. चिठ्ठीवरचे नाव लगेच वाचू नये. नाव कळले, की मन विचार करणे सोडून देते. चित्रातील प्रकाश कोणत्या बाजूने येतो, आपली दृष्टी प्रथम कोठे जाते आणि तेथून कोठे वळते, हे पाहावे. मग चार पावले मागे जावे. जवळून नुसते ठिपके आणि फटकारे वाटणारे रंग दूर गेल्यावर पाण्याच्या लाटा किंवा झाडाची पाने होतात. पुन्हा जवळ यावे आणि कुंचला कसा फिरला, ते पाहावे. जलरंगाच्या चित्रात रंगाखालून कागदाचा शुभ्रपणा चमकताना दिसेल. तैलचित्रात रंगाचे जाड थर हाताला लागतील असे वाटेल. हात मात्र लावू नये. बोटांचा घाम आणि मळ यांनी चित्राची हानी होते.

अमृता शेरगिल यांच्या ज्या चित्राचा उल्लेख वर आला आहे, त्यात तीन मुली अगदी जवळजवळ बसलेल्या आहेत. त्यांची वस्त्रे रंगीत आहेत, पण चेहरे गंभीर आहेत. तिघी एकमेकींना खेटून बसल्या असूनही कोणी कोणाकडे पाहत नाही. घाईने पाहणाराला या चित्रात तीन मुली दिसतील. थांबून पाहणाराला त्यांचे मौन ऐकू येईल; त्या कशाची वाट पाहत असतील, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहील. उत्तर चित्रात कोठेही लिहिलेले नाही. ते प्रत्येकाने आपल्यापाशी शोधावयाचे असते.

काही चित्रांत तर माणूस, झाड, घर असे ओळखीचे काहीच नसते. नुसते रंग आणि आकार असतात. अशा चित्रांना अमूर्त चित्रे म्हणतात. ती पाहून पुष्कळजण गोंधळतात आणि “यात आहे तरी काय?” असे विचारतात. नागपुरात १९२४ साली जन्मलेले आणि जे. जे. कलाशाळेत शिकलेले वासुदेव गायतोंडे हे अशा प्रकारची चित्रे काढीत. ते फार सावकाश काम करीत आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत. त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन २०१४ साली न्यूयॉर्क येथील गुगेनहाइम संग्रहालयात भरले, तेव्हा ते पाहण्यास ते हयात नव्हते. सतारीच्या सुरांना शब्द नसतात, तरी ते ऐकून मन शांत होते किंवा हुरहुरते. सतारवादकाला आपण “या सुरांचा अर्थ काय?” असे विचारीत नाही. अमूर्त चित्रातील रंगांशीही तसेच वागावे. एखादे चित्र आवडले नाही, तर तसे म्हणण्यास हरकत नाही. मात्र न पाहताच नावडते ठरवणे हा चित्रकारावर अन्याय होईल.

दालनाच्या बाहेर पडले, तरी जत्रा संपत नाही. जवळच्याच पदपथावर काही चित्रकार आपली चित्रे मांडून बसलेले असतात. कोणी समोर बसलेल्या माणसाची हुबेहूब प्रतिमा पाहता पाहता कागदावर उतरवून देतो. त्यांच्याभोवती टपाल वाटणारा, कार्यालयातून सुटलेला कारकून, शाळेतून परतणारी मुले असे सर्व प्रकारचे लोक कोंडाळे करून उभे असतात. आत शिरण्यास संकोचणारा माणूस येथे निःसंकोच थांबतो. पदपथावर ज्याने मन लावून चित्र पाहिले, त्याला दालनाचा उंबरठा उंच वाटण्याचे कारण नाही.

हा आनंद केवळ मुंबईकरांच्याच वाट्याला येतो, असेही नाही. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात आणि कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात कलादालने आहेत. सातारा जिल्ह्यातील औंध हे तर लहानसे गाव. परंतु तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी जमवलेला चित्र-शिल्पांचा संग्रह तेथील टेकडीवरील संग्रहालयात पाहावयास मिळतो. शाळेच्या वार्षिक संमेलनात भिंतीवर लावलेली मुलांची चित्रे हेही एक प्रदर्शनच होय. तेथे एखाद्या वर्गमित्राच्या चित्रापुढे जो दोन मिनिटे थांबतो, त्याने रसिकतेचा पहिला धडा घेतला असे समजावे.

आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडतो. संध्याकाळी प्रेक्षक निघून जातात आणि चित्रे भिंतीवरून उतरू लागतात. ती पुन्हा कापडात गुंडाळली जातात. अभिप्रायाच्या वहीत लोकांनी लिहिलेल्या ओळी चित्रकार शांतपणे वाचतो आणि वही जपून पिशवीत ठेवतो. थोड्याच वेळात भिंती उघड्या पडतात. त्यांवर केवळ चित्रे टांगण्याच्या खुणा उरतात. लवकरच तेथे दुसऱ्या कोणाची तरी अनेक वर्षांची मेहनत झळकू लागेल.

मग त्या सात दिवसांचे काय उरते? दालनातून घरी परतताना आगगाडीच्या खिडकीतून एखाद्या मुलीला खाडीच्या पाण्यावर मावळतीचा प्रकाश पडलेला दिसतो. हा प्रकाश तिने पूर्वी अनेकदा पाहिलेला असतो. आज मात्र त्यात पिवळ्याशेजारी जांभळा रंग आहे, हे तिच्या प्रथमच ध्यानात येते. चित्र भिंतीवरून उतरले. परंतु चित्रकाराने दिलेली दृष्टी तिच्यापाशी राहिली.

स्वाध्याय

१. प्रदर्शनांच्या दिवसांना ‘हंगाम’ म्हणणे का योग्य आहे?
२. ‘काळा घोडा’ हे नाव कसे पडले? पुतळा हलवल्यानंतरही ते का टिकले असावे?
३. जहांगीर कलादालन उभारण्याची गरज का निर्माण झाली? ते कोणाच्या प्रयत्नांनी व देणगीने उभे राहिले?
४. कृष्णाजी आरा यांच्या जीवनावरून कोणता बोध मिळतो? तुमच्या शब्दांत लिहा.
५. ‘प्रदर्शनाचे यश जेवढे चित्रकाराच्या हाती, तेवढेच प्रेक्षकाच्याही हाती असते’ या विधानाचा अर्थ उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
६. तुमच्या शाळेत किंवा गावात लावलेल्या एखाद्या चित्रापुढे पाच मिनिटे उभे राहा. पहिल्या मिनिटात काय दिसले आणि पाचव्या मिनिटात नवे काय दिसले, ते दहा ओळींत लिहा.